निकोटीन पॅच, गम आणि व्हॅरेनिक्लिन: मानसिक आजाराची औषधं चालू असताना कितपत उपयोगी?

निकाल आधीच सांगून टाकू. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, नैराश्य किंवा चिंतेचा आजार असलेल्या माणसाला सिगारेट सोडायची असेल, तर सगळ्यांना दिली जाणारी नेहमीचीच साधनं त्यालाही लागू पडतात. पॅच आणि गमची जोडी चांगली, व्हॅरेनिक्लिन ही गोळी एकट्या पॅचपेक्षा सरस, ब्युप्रोपिऑन ही दुसरी गोळी निवडक लोकांसाठी. घोटाळा होतो तो तीन ठिकाणी: निकोटीनचा डोस कमी पडतो, उपचार लवकर थांबतो, आणि सिगारेट सुटल्यावर चालू औषधांची रक्तातली पातळी वर चढते याकडे कुणाचं लक्ष नसतं. हा तिसरा मुद्दा पॅचच्या खोक्यावर वाचायला मिळेल या भरवशावर राहू नका. त्यामुळे खाली त्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

‘आधीच आजारी आहे, सिगारेट तोडली तर आणखी बिघडेल, राहू दे तेवढा आधार’ असं घरचे म्हणतात, कधी कधी डॉक्टरही. सिगारेट ओढल्यावर बरं वाटतं हे खरंच आहे, पण त्यातला बराचसा भाग म्हणजे नुसती तलफ भागणं. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, की चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं सुरू. पुढची सिगारेट ते मिटवते आणि श्रेय घेऊन जाते. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २६ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण हे सगळं न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालं होतं, आणि मानसिक आजार असलेल्यांमध्येही चित्र तसंच होतं. उलट बाजूला, गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात, आणि त्यामागे हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, कर्करोग यांचा मोठा वाटा आहे. ‘राहू दे’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही करावा.

पहिले दोन ते चार आठवडे मात्र जड जातात. झोप उडणं, राग, उदासी, भूक वाढणं ही निकोटीन तुटल्याची लक्षणं मूळ आजार उलटल्यासारखीच दिसतात. म्हणून सोडण्याच्या आधीच्या आठवड्यात झोपेचे तास, मूड आणि चिंता रोज एका कागदावर लिहून ठेवावी. नंतर तुलना करायला तेवढंच हाताशी असतं. आवाज ऐकू येणं, संशय वाढणं, झोप न घेताही उत्साह ओसंडणं, जीव नकोसा वाटणं ही ‘सिगारेट तुटल्याची’ लक्षणं म्हणून सोडून द्यायची नाहीत; त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

आता एकेक साधन.

पॅच हा या सगळ्यातला सर्वांत कमी कटकटीचा. दिवसातून एकदा लावायचा, विसरायचा. २४ तासांचे पॅच २१, १४ आणि ७ मिलिग्रॅममध्ये येतात, १६ तासांचे २५, १५ आणि १० मध्ये. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर २१ पासून सुरुवात. रूढ वेळापत्रक सहा आठवडे २१, दोन आठवडे १४, दोन आठवडे ७. पॅच लावायची जागा कंबरेच्या वर, केस नसलेली, कोरडी. आधी मॉइश्चरायझरवाला साबण किंवा क्रीम लावलं असेल तर कडा सुटतात. तळहाताने दहा सेकंद दाबून धरायचा, कडा बोटाने फिरवून घ्यायच्या, आणि तीच जागा आठवडाभर परत वापरायची नाही. लालसरपणा नि खाज बऱ्याच जणांना येते, जागा बदलली की जाते. फोड आले तर मात्र पॅच बंद. स्वप्नं फार विचित्र पडू लागली किंवा झोप तुटू लागली तर रात्री काढून ठेवावा. मूळ आजारातच झोप नाजूक असते, त्यामुळे ही सोपी दुरुस्ती पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेली बरी, नाहीतर माणूस पॅचच फेकून देतो. वापरलेल्या पॅचमध्येही बरंच निकोटीन उरतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडून, मुलांच्या हाताला लागणार नाही असा टाकायचा.

पॅचची खोट एकच, तो संथ आहे. सिगारेटमधलं निकोटीन मेंदूपर्यंत दहा-वीस सेकंदांत पोहोचतं, पॅचला रक्तात चढायला काही तास लागतात. अचानक उठलेल्या तलफेला तो पुरा पडत नाही, आणि म्हणूनच त्याच्या जोडीला काहीतरी झटपट हवं. पॅच अधिक गम (किंवा चघळायची गोळी) ही जोडी एकट्या पॅचपेक्षा साधारण पाव पटीने जास्त लोकांना सिगारेटपासून सोडवते, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षातून दिसलं आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी तर आम्ही ही जोडीच सुरुवातीची पायरी मानतो. ही माणसं झुरके खोल आणि भराभर घेतात, एका सिगारेटमधून इतरांपेक्षा जास्त निकोटीन खेचतात. सिगारेटींच्या आकड्यावरून डोस ठरवला की तो कमीच पडतो. त्यापेक्षा ‘उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात?’ हा प्रश्न जास्त खरं सांगतो. अर्ध्या तासाच्या आत असेल तर गम ४ मिलिग्रॅमचा, नंतर असेल तर २ चा.

गमबद्दल जितक्या तक्रारी ऐकू येतात त्यातल्या बहुतेक चुकीच्या चघळण्याच्या आहेत. साध्या च्युइंग गमसारखा तो चावत बसलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, तिथे वाया जातं, आणि वर उचक्या, मळमळ, छातीत जळजळ. बरोबर पद्धत अशी: हळूहळू चावायचं, तिखटसर चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबायचं. गम गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून दाबून ठेवायचा. मिनिटभराने झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा, आता दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. इतकं करूनही गममधलं साधारण निम्मंच निकोटीन शरीराला मिळतं, म्हणून दिवसाला तीन-चार गमवर भागवणाऱ्यांचं भागत नाही. फक्त गमवर असाल तर पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला किमान नऊ, कमाल २४. पॅचच्या जोडीला असेल तर तलफेप्रमाणे, पण तलफ अंगावर येण्याआधी घेतलेला जास्त कामाचा. कॉफी, कोला, फळांचा रस यांनी तोंडातली आम्लता वाढते आणि निकोटीन शोषलं जात नाही; त्यांच्यानंतर १५ मिनिटं थांबायचं. कॉफी आणि सिगारेट जोडीने घेणारे कॉफीवर लगेच गम टाकतात आणि ‘काही फरक पडत नाही’ म्हणतात, ते याचमुळे.

मानसिक आजाराच्या औषधांमुळे इथे आणखी दोन अडचणी येतात. बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. कोरड्या तोंडात गम कडक होतो आणि चघळायची गोळी विरघळता विरघळत नाही. आधी पाण्याने तोंड ओलं करून घ्यावं. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधावर याच्या उलट, लाळ इतकी येते की निकोटीन सतत गिळलं जातं. अशांना पॅचवर जास्त भार ठेवून तोंडातली साधनं कमी करावीत. कवळी असेल तर गम चिकटतो, त्यापेक्षा चघळायची गोळी बरी. ती चावायची नाही, २० ते ३० मिनिटं गालात फिरवत ठेवायची. लिथियम या बायपोलरच्या औषधामुळे हात थरथरत असतील तर मुलांना उघडता येऊ नये म्हणून केलेलं ते घट्ट वेष्टन माणसालाही उघडत नाही. कुणीतरी सकाळी दिवसभराचे गम सोडवून डबीत भरून द्यावेत. तोंडात मारायचा स्प्रे सर्वांत झटपट, एका फवाऱ्यात १ मिलिग्रॅम, तासाला जास्तीत जास्त चार आणि दिवसाला ६४. पण घशात मारला की ठसका लागतो, गालाच्या आतल्या बाजूला मारायचा आणि काही सेकंद गिळायचं नाही.

पॅच लावून सिगारेट ओढली तर हृदयविकाराचा झटका येतो, ही भीती अजून फिरते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिगारेट चालू असताना ही साधनं वापरू नका असा इशारा लेबलवरून काढायला मान्यता दिली. जास्त निकोटीन झालं तर मळमळ, गरगर, धडधड होते. एक गम कमी केला की उतरते. पॅच लावलेल्या दिवशी एखादी सिगारेट ओढली गेली तर पॅच काढायचा नाही, चालू ठेवायचा.

हे सगळं जमलं आणि सिगारेट खरंच सुटली, की मग औषधांच्या पातळीचा प्रश्न उभा राहतो. सिगारेटच्या धुरातली डांबरी संयुगं यकृतातल्या सीवायपी१ए२ या एन्झाइमला जोरात कामाला लावतात. क्लोझापिन आणि त्याच गटातलं ओलान्झापिन याच एन्झाइमने मोडतात. म्हणजे सिगारेट ओढणाऱ्याला ही औषधं जास्त डोसमध्ये द्यावी लागतात, कारण त्यातलं बरंचसं लवकर मोडून जातं. धूर थांबला की साधारण आठवडाभरात एन्झाइम मूळ पदावर येतं, डोस तोच राहतो, आणि क्लोझापिनची रक्तातली पातळी दीडपट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकते. लक्षात ठेवायचं ते हे की काम करतो तो धूर, निकोटीन नाही. पॅच लावला म्हणून पातळी सावरत नाही. ई-सिगारेट किंवा चघळायच्या तंबाखूवर गेलं तरी जळालेला धूर थांबलेलाच असतो, त्यामुळे पातळी तशीच चढते. हे माहीत नसलेले लोक ‘आमचा माणूस तर पॅचवर आहे, निकोटीन चालू आहे’ म्हणून निर्धास्त राहतात.

क्लोझापिनवर असलेल्याची रूढ पद्धत अशी. सोडण्याच्या आधी एकदा रक्तातली पातळी मोजायची, शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घेतलेल्या रक्तात. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात डोस टप्प्याटप्प्याने साधारण पाव हिश्श्याने खाली आणायचा. आठवड्याने पुन्हा पातळी, आणि त्यावरून पुढचं. मिलिलिटरला ३५० नॅनोग्रॅमच्या आसपास औषध लागू पडायला लागतं, ६०० च्या वर फिट येण्याचा धोका वाढतो, त्यामुळे आधीच काठावर असलेल्या माणसाला ही वाढ झेपत नाही. ओलान्झापिनलाही साधारण पाव हिश्श्याची कपात लागू शकते. हे सगळं मनोविकारतज्ज्ञांनी करायचं. गोळी घरी अर्धी मोडून नाही. घरच्यांनी बघायचं ते एवढंच: दिवसभर गुंगी, लाळ खूप वाढणं, उठताना तोल जाणं, बोलणं जड होणं, गोंधळ, पोट अजिबात साफ न होणं. ‘सिगारेट सोडल्यापासून सुस्त झालाय’ हे वाक्य ऐकलं की आधी रक्त तपासायला हवं.

सिगारेटी कमी करत करत सोडणाऱ्यांसाठी एक बारकावा. दिवसाला साधारण ७ ते १२ सिगारेटी एवढ्यावरच हे एन्झाइम पूर्ण जोरात चालतं. तिसावरून पंधरावर आलं तर पातळीत फारसा फरक पडत नाही. पहिली निम्मी कपात पचली म्हणून सगळे निश्चिंत होतात, आणि हालचाल होते ती शेवटच्या दहात. रक्ताची तपासणी तिथे लावून घ्यावी.

रुग्णालयात भरती हा या गोष्टीचा सर्वांत वाईट नमुना. वॉर्डात धूम्रपान बंद, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच पातळी चढते; डॉक्टर डोस खाली आणतात. घरी आल्यावर सिगारेट परत सुरू, एन्झाइम परत जोरात, आणि तो कमी केलेला डोस आता अपुरा. आवाज परत येतात, आणि सगळे म्हणतात गोळ्या चुकवल्या असतील. डिस्चार्जच्या कागदावर ‘हा डोस धूम्रपान बंद असतानाचा’ असं लिहून घेतलं तर हे टळतं.

डुलोक्सेटिन आणि हॅलोपेरिडॉल यांच्यावरही धुराचा परिणाम होतो, कमी प्रमाणात. रिस्पेरिडोन, अ‍ॅरिपिप्राझोल, व्हॅल्प्रोएट, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम यांना फारसा फरक पडत नाही. कॅफिन मात्र याच एन्झाइमने मोडतं. सिगारेट सुटली आणि कॉफी तेवढीच राहिली तर कॅफिन रक्तात साचतं, हात थरथरतात, झोप उडते, धडधड होते, आणि नाव येतं निकोटीन तुटल्याचं. कॉफी निम्मी करावी. लिथियम चालू असेल तर तीही एकदम तोडायची नाही, कारण कॅफिन अचानक कमी झालं की लिथियम शरीरातून कमी बाहेर पडतं आणि त्याची पातळी वाढते. कमी करणार असाल तर डॉक्टरांना सांगून, हळूहळू.

व्हॅरेनिक्लिनची बदनामी जितकी झाली तितकी क्वचितच कुठल्या गोळीची झाली असेल. मूड बिघडतो, आत्महत्येचे विचार येतात, अशा तक्रारींवरून २००९ मध्ये अमेरिकेत तिच्या लेबलवर चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक, इशारा आला. मग ८,००० हून जास्त लोकांवर एक मोठी चाचणी झाली, ‘ईगल्स’. त्यातले निम्मे मानसिक आजार असलेले. निकाल २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मानसिक आजार असलेल्या गटात मनावरचे गंभीर दुष्परिणाम व्हॅरेनिक्लिनवर ६.५ टक्के, ब्युप्रोपिऑनवर ६.७, पॅचवर ५.२ आणि नुसत्या खोट्या गोळीवर ४.९; फरक लक्षणीय ठरला नाही. सिगारेटपासून नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत लांब राहिलेले मात्र अनुक्रमे १८.३, १३.७, १३.० आणि ८.३ टक्के. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इशाऱ्याची चौकट काढण्यात आली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. एक अट विसरायची नाही: चाचणीत आजार स्थिर असलेलेच लोक होते. आजार उफाळलेला असताना, किंवा मुख्य औषध बदललं जात असताना ही गोळी सुरू करण्यात घाई नको.

डोस: पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण १२ आठवडे. सिगारेट सोडायची तारीख आठव्या दिवसाच्या आसपास. किडनीचं काम खूपच कमी असेल तर डोस कमी लागतो. वर्षानुवर्षं लिथियमवर असलेल्यांनी आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावं. मळमळ साधारण चौघांपैकी एकाला होते, आणि ती टाळायची तर पोटभर खाऊन, पूर्ण ग्लास पाण्याबरोबर घ्यायची. रिकाम्या पोटी घेऊन ‘सोसवत नाही’ म्हणणारे बरेच. स्वप्नं त्रास देत असतील तर दुसरी गोळी झोपायच्या वेळेऐवजी संध्याकाळच्या खाण्याबरोबर. दारू नेहमीपेक्षा जास्त चढू शकते, हे आधीच सांगून ठेवावं.

आणि १२ आठवड्यांवर थांबू नये. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर असलेल्या, व्हॅरेनिक्लिनवर सिगारेट सुटलेल्या ८७ जणांवरची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना गोळी पुढे वर्षभरापर्यंत चालू ठेवली त्यातले ६० टक्के ५२व्या आठवड्यात सिगारेटमुक्त होते, ज्यांना खोटी गोळी दिली त्यातले १९ टक्के. दोन्हीकडे समुपदेशन चालू होतं. इतका मोठा फरक या क्षेत्रात फारसा बघायला मिळत नाही. पॅचच्या बाबतीतही दहा आठवडे ही सक्तीची मर्यादा मानू नये. तलफ अजून जोरात असेल तर तोच डोस लांबवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

ब्युप्रोपिऑनला आम्ही तिसरा क्रमांक देतो. नैराश्यासोबत जमतं, वजन कमी वाढतं, पण फिट येण्याचा इतिहास, खाण्याचे विकार, दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद केलेल्या असणं, यांत ते चालत नाही. क्लोझापिनबरोबर फिटचा धोका वाढतो, बायपोलरमध्ये मूड वर उसळू शकतो, आणि ते रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल व काही नैराश्यविरोधी औषधांची पातळी वाढवतं. १५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांमध्ये किमान आठ तास, आणि दुसरी झोपेच्या तोंडावर नको.

राहिलं समुपदेशन. सर्वसाधारण ‘सिगारेट सोडा’ सेवांचा साचा ठरलेला असतो: पहिल्या भेटीत तारीख, मग सहा आठवडे, चुकलात तर बाहेर. मानसिक आजार असलेला माणूस यात टिकत नाही. इंग्लंडमध्ये ५२६ जणांवर झालेल्या ‘सिमिटार प्लस’ चाचणीत साचा मुद्दाम सैल केला होता. तारीख ठरवण्याआधी हव्या तितक्या भेटी, आधी कमी करून मग सोडायची मुभा, घरी जाऊन भेटणं, घसरल्यावर परत सुरुवात, आणि औषध देणाऱ्या डॉक्टरांना कळवणं. सहा महिन्यांनी १४ टक्के विरुद्ध ६ टक्के असा फायदा दिसला. वर्षाअखेरीस १५ विरुद्ध १०, म्हणजे अंतर कमी झालं. पद्धत बरोबर आहे, फक्त आधार मधेच काढून घेता कामा नये.

सेवा निवडताना पहिल्या भेटीत काय विचारतात ते बघा. सगळ्या औषधांची यादी मागितली नाही, तर तिथे क्लोझापिनचा प्रश्न कुणाच्या डोक्यात नाही असं समजा. फुंकून कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र असावं. सोडल्यावर एक-दोन दिवसांतच आकडा खाली आलेला दिसतो, आणि ज्यांना स्वतःची प्रगती जाणवत नाही त्यांना तो धीर देतो. भेटी छोट्या असाव्यात, सूचना लिहून द्याव्यात. औषधांमुळे नि आजारामुळे लक्ष आणि स्मरण कमी पडतं, अर्ध्या तासाचं व्याख्यान घरी पोहोचेपर्यंत उरत नाही.

घसरण झाली तर पॅच त्याच दिवशी परत लावायचा, नवीन तारखेची वाट बघायची नाही. आणि क्लोझापिन किंवा ओलान्झापिनचा डोस कमी केलेला असेल, तर रोजची सिगारेट परत सुरू झाल्याचं डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवायचं. ओरडा बसेल म्हणून ते लपवलं जातं, आणि तोवर पातळी उतरलेली असते.